सकाळची शाळा, पश्चिमेच्या खिडक्या

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेत चित्रकलेचा तास ही सगळ्यांची सामायिक मालमत्ता होती. विज्ञानाचा धडा मागे राहिला, घ्या चित्रकलेचा तास. जंतनाशक गोळ्या वाटायच्यात, घ्या चित्रकलेचा तास. आधार कार्डातली नावं दुरुस्त करायचीत, मुलांची वजनं घ्यायचीत, कुणा पाहुण्याचं व्यसनमुक्तीवर भाषण ठेवायचंय, तर चित्रकलेचा तास आहेच की. आणि यातलं काहीच नसलं तर गणिताचे बिभीषण गुंड सर दारात उभे राहून म्हणायचे, "सर, एक प्रमेय ऱ्हायलंय. घेऊ का?" मग चित्रकलेचे शिवयोगी कलशेट्टी सर रंगपेटी मिटून बाहेर पडायचे. त्यांना नाही म्हणता येत नसे अशातला भाग नाही. पण त्यांनी नाही म्हणेपर्यंत गुंड सरांचा फळ्यावर त्रिकोण काढून झालेला असायचा.

यंदाच्या डिसेंबरात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. मुख्याध्यापिका संघप्रिया तळभंडारे मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाल्या, चहा मागवला. मॅडम चहा मागवतात तेव्हा बातमी वाईट असते, हे शाळेत सर्वांना ठाऊक होतं.

"सर, जूनपासून आठवीचे चित्रकलेचे दोन्ही तास गणिताला जोडावेत, असं संस्थेत घाटतंय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या मनात नाही. पण पालकांना निकाल पाहिजे. फेब्रुवारीत विस्तार अधिकारी साहेब शाळा बघायला येणार आहेत. तुमच्या तासाचं त्यांना काही दाखवता आलं आणि त्यांनी चार शब्द बरे काढले, तर मला संस्थेपुढे बोलता येईल. नाही तर माझाही इलाज नाही."

चहा फार चांगला झाला होता, पण कलशेट्टी सरांनी दोनच घोट घेतले. तास गेले तरी नोकरी जाणार नव्हती. त्यांना कार्यानुभव मिळणार होता, म्हणजे वर्षभर खडूच्या डब्यांना कागद चिकटवायचे. पण ज्या माणसाने उभा जन्म 'मी चित्रकलेचा शिक्षक' असं सांगण्यात घालवला, त्याने शुक्रवार पेठेत कुठल्या तोंडाने फिरायचं? सरांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि ते उठले.

कल्पना त्यांना दुसऱ्या दिवशी आठवी ब च्या वर्गात सुचली. हा वर्ग वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. त्याला चार मोठ्या खिडक्या, काचेच्या तावदानांच्या, गल्लीकडे तोंड केलेल्या. दुपारी तीननंतर त्यांतून असं ऊन यायचं की, निम्मी मुलं डोळ्यांवर वही धरून बसायची. सोलापुरातल्या उन्हाचं वर्णन करत बसण्यात अर्थ नाही, ते डिसेंबरातसुद्धा आपलं काम चोख करतं. पडद्यांसाठी सरांनी तीनदा अर्ज दिला होता आणि तीनदा त्यांना पडद्यांची मापं विचारण्यात आली होती. उन्हाकडे बघता बघता सरांना आठवलं, डिप्लोमाला असताना सहलीत त्यांनी एका जुन्या चर्चमध्ये रंगीत काचा पाहिल्या होत्या. ऊन बाहेरून यायचं आणि आत रंग होऊन फरशीवर पडायचं. तशा काचा आणायची शाळेची ऐपत नव्हती. पण काळं कार्डशीट नक्षीसारखं कातरायचं, त्यामागे पतंगाचा कागद चिकटवायचा आणि त्याला तेल चोळायचं, की कागद काचेसारखा पारदर्शक होतो, ही विद्या सरांकडे होती. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आपली खिडकी'. गुंड सर दारात आले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा कलशेट्टी सर म्हणाले, "आज नाही." गुंड सर खडू हातात घेऊन तसेच परत गेले.

आता, सोलापुरात माणूस काही करायला लागला की, त्याला सल्ला मिळायला वेळ लागत नाही. घरी धनलक्ष्मीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्या मोरीच्या खिडकीला मी पुठ्ठा लावलाय. त्याला आधी काच बसवा, मग शाळेला रंगीत लावा." शिक्षकांच्या खोलीत एकाने गाड्यांच्या काचांना लावतात ती काळी फिल्म सुचवली. दुसऱ्याने सांगितलं की, एवढा खटाटोप कशाला, फ्लेक्स करून घ्या. संध्याकाळी दिला की सकाळी मिळतो, वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटोही घालता येईल. कलशेट्टी सरांनी सर्वांचे आभार मानले. आभार मानताना त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होता, असं नंतर शिपाई ईश्वरमामा सांगत असत.

खिडक्यांवर काढायचं काय, ते सरांनी मुलांवर सोपवलं. इथे ते थोडे चुकले. पहिल्या खिडकीत मावळत्या सूर्यासकट ज्वारीचं शेत ठरलं, कारण निम्म्या वर्गाचे मामा मंगळवेढ्याकडचे. दुसरीत चादरीवरचा मोर आला. तिसरीत उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी, लांब पायांचे आणि गुलाबी. चौथ्या खिडकीवरून मात्र आठवी ब मध्ये दोन तट पडले आणि शेवटी बहुमताने कडक भाकरी निवडून आली. "अरे, भाकरीत रंग कुठे असतो?" सरांनी विचारलं. "सर, भाकरी पांढरी, शेंगाची चटणी लाल, कांद्याची पात हिरवी," दानेश्वरी नावाची पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. सरांनी फळ्यावर भाकरी लिहून टाकली. भाकरीचा गोल मात्र कुणालाच नीट जमेना. अखेर गुंड सरांचा मोठा लाकडी कंपास मागून आणावा लागला. गुंड सर कंपास द्यायला म्हणून आले आणि गोल स्वतःच काढून गेले. "गोल काढायचा तर शास्त्रशुद्ध काढा की," ते म्हणाले.

मग मॅडम चित्रं बघायला आल्या. त्यांनी चारही चित्रं दोनदा पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "सर, यात कुठला रंग जास्त दिसतोय?"

सर चटकन समजले. आपल्या शहरात प्रत्येक रंगाला आपापली माणसं आहेत आणि ती सगळी पालकसभेला येतात. ज्वारीचा हिरवा, मोराचा निळा, मावळतीचा केशरी, यांत एखादा टिचभर जरी वरचढ झाला तरी मॅडमच्या फोनला विसावा मिळणार नव्हता. मग गुंड सरांचा आलेखाचा कागद आला. चौकटी मोजण्यात आल्या. केशरी जास्त भरला म्हणून सूर्य लहान करावा लागला, तर हिरवा जास्त झाला म्हणून मंगळवेढ्याच्या शेतात पीक कमी आलं. निळा कमी पडला, तेव्हा मोराला आणखी दोन पिसं मिळाली. एकट्या गुलाबी रंगाचा मोर्चा अजून तरी कुठे निघालेला नव्हता, त्यामुळे रोहित पक्षी हवे तेवढे काढायला मॅडमची हरकत नव्हती. म्हणून त्या खिडकीत पक्ष्यांची एवढी दाटी झाली की, पाणी शोधावं लागायचं.

खरा घोटाळा तेलाने केला. "उद्या घरून वाटीभर तेल आणा," एवढंच सर बोलले. कुठलं, ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात शेंगतेल आलं, करडईचं आलं, खोबरेल आलं, आजीच्या गुडघ्याचं आलं, बदामाचं सुवासिक आलं, आणि एकाने तर शिलाई मशीनचं आणलं. सर्व तेलं प्रामाणिकपणे चोळण्यात आली. कागद चिकटवायला ईश्वरमामांनी मैद्याची खळ शिजवून दिली होती. ती खळ आणि हे तेल यांचा वास मुंग्यांना कुठवर गेला कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी त्या आल्या. भाकरीच्या खिडकीवर पहिल्यांदा आल्या, हे मुलांनी अभिमानाने सांगितलं. सरांनी हळद टाकली, खडूची रेघ मारली. शेवटी ईश्वरमामांनी कापराच्या वड्या ठेवल्या, तेव्हा मुंग्या गेल्या. पण पुढे आठवडाभर आठवी ब मध्ये देवळात कुणी भजी तळत असल्यासारखा वास यायचा आणि तिसऱ्या तासापासूनच सर्वांना भूक लागायची.

पण जानेवारीच्या अखेरीला चारही नक्ष्या काचांना लागल्या आणि दुपारी त्यांच्यावर ऊन आलं. फरशीवर ज्वारी उगवली. मोर बाकांवरून पसरत भिंतीपर्यंत गेला. मुलांच्या पांढऱ्या शर्टांवर गुलाबी पक्षी बसले. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसायला लागली, कारण कुणी हिरवं झालं होतं, कुणी लाल. कलशेट्टी सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. आपण हे केलं, असं त्यांना वाटलं आणि छाती अशी भरून आली की, त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

त्याच दुपारी समोरून हाक आली. गल्लीपलीकडे रत्नम्मांचं दुमजली घर होतं. त्या दानेश्वरीच्या आजी. वरच्या गॅलरीत बसून शेंगा फोडता फोडता समोरच्या वर्गात नातीवर नजर ठेवणं हा त्यांचा रोजचा नेम. ती अभ्यास करते की मैत्रिणीच्या कानाला लागते, हे त्यांना तिथून दिसायचं आणि संध्याकाळी घरी त्याचा निकाल लागायचा. आता खिडक्यांवर काळे कागद लागले होते.

"येन्री सर, हे काय चालवलंय?" रत्नम्मा गॅलरीतून ओरडल्या. "मला काही दिसंना झालंय आतलं! पोरी अंधारात बसवून काय शिकवायलाय तुमी?"

"आजी, आतून बघा, किती सुंदर दिसतंय!" सर म्हणाले.

"मी आत येऊन बसू का आठवीत? काढा ते कागद!"

सरांनी कागद काढले नाहीत. रत्नम्मांनी मॅडमकडे तक्रार केली, मॅडमनी सरांना समज दिली, आणि समज घेऊन सर आनंदाने परत आले, कारण फेब्रुवारी तोंडावर होता.

फेब्रुवारीत साहेब आले नाहीत. त्यांना दुसरीकडे बैठक निघाली. मग परीक्षांची कामं निघाली. अखेर एप्रिलमधली तारीख कळली आणि सर म्हणाले, बरं झालं, ऊन आणखी कडक असेल. इथे सांगायला हवं की, कलशेट्टी सर जन्माने, शिक्षणाने आणि सासुरवाडीनेही सोलापूरचे. मार्च निम्मा सरला की उन्हामुळे शाळा सकाळची होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सर तर हे लहानपणापासून बघत आले होते. तरीही सकाळच्या शाळेच्या पहिल्या दिवशी ते आठवी ब मध्ये शिरले आणि दारातच थबकले. सूर्य उगवला होता शाळेच्या पाठीमागे, पूर्वेला. पश्चिमेच्या खिडक्यांवर त्याचं एक किरणही नव्हतं. मोर काळा पडला होता, ज्वारी करपली होती. चारही खिडक्यांवर भजी बांधून आणलेला कागद उलगडून लावावा तसं काहीतरी मळकट, तेलकट दिसत होतं. आणि साहेबांची वेळ होती सकाळी साडेआठची.

 सर तसेच मॅडमकडे धावले. "मॅडम, साहेबांना दुपारी बोलवा. तीन वाजता."

"दुपारी शाळा सुटलेली असते, सर. आणि एप्रिलात तीन वाजता सोलापुरात कोण घराबाहेर पडतं?"

"मग खिडक्या पूर्वेला हलवू."

"पूर्वेला भिंत आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण भिंत पूर्वेलाच होती.

मग सर मंडपवाल्याकडून मोठा हॅलोजन घेऊन आले. ईश्वरमामांनी तो बांबूला बांधून खिडकीबाहेर धरला. मोराची एक बाजू क्षणभर उजळली, कागद सुरकुतला, पिसं आक्रसली आणि शाळेची वीज गेली. खाली कार्यालयात संगणकावर निकाल भरायचं काम चाललं होतं. त्यानंतर कार्यालयातून जे शब्द वर आले, ते चित्रकलेच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत. सरांनी हॅलोजन परत केला. शिक्षकांच्या खोलीत जो तो म्हणाला, "तरी आम्ही म्हणत होतो, फ्लेक्स करा." गुंड सर एकटेच आपला लाकडी कंपास पुसत बसले. आपल्याला मिळणाऱ्या तासांची त्यांना आता थोडी लाज वाटत असावी, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

साहेब यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आठवी ब वर गुंड सरांचा गणिताचा तास चालू होता आणि कलशेट्टी सर मागच्या बाकावर बसून मोराची करपलेली पिसं नव्याने कातरत होते. गुंड सर म्हणाले, "आता क्ष ची किंमत काढायची," आणि वर्ग हसला. गुंड सरांनी मागे वळून फळा पाहिला. क्ष ठीक होता. पुन्हा बोलले, पुन्हा हशा. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर पोटावर, एक गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभा होता. गुंड सर डावीकडे सरकले, तसा पक्षी फळ्यावर गेला आणि क्ष वर जाऊन बसला.

कलशेट्टी सर कात्री टाकून उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर रत्नम्मा सांडगे घालत होत्या. शाळेच्या डोक्यावरून आलेलं सकाळचं ऊन थेट त्यांच्या गच्चीवर पडलं होतं. एक रिकामं स्टीलचं ताट कठड्याला टेकून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावरून उजेड उलटून खिडकीत येत होता.

"आजी, ते ताट हलवू नका!" सर ओरडले. त्या सकाळपर्यंत त्यांनी या बाईंशी दोन महिने बोलणं टाकलं होतं. पुढच्या दहा मिनिटांत ते त्यांच्या गच्चीवर, सांडग्यांमध्ये उकिडवे बसून आर्जव करत होते. स्वाभिमान म्हणून जो काही असतो, तो जिन्यातच राहिला होता.

"आजी, परवा सकाळी साहेब येणार. गच्चीवर आरसे धरायचेत, मोठाले. ऊन फिरवून आमच्या खिडक्यांवर टाकायचंय. पोरांना वर्गात बसावं लागेल, धरणारी माणसं तुम्हालाच गोळा करावी लागतील."

"साहेबाला दाखवून काय होतंय?"

"नाही दाखवलं तर चित्राचा तास बंद होणार आठवीचा. कायमचा."

रत्नम्मांनी सांडग्याचं पीठ बोटांवरून पुसलं. "आमची दानेश्वरी त्या तासाबद्दलच तेवढं घरी बोलते बघा. बाकीच्या तासाचं विचारलं तर मान हलवते." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण मला आतलं दिसंना झालंय, त्याचं काय? मला एक भोक पाहिजे."

"भोक?"

"व्हय, बघायला. एका खिडकीला. त्याशिवाय एक आरसा मिळायचा न्हाई."

कलावंताच्या आयुष्यात असे प्रसंग येतात. ज्वारीत भोक पाडलं तर कीड लागल्यासारखं दिसेल, मोर तर नुकताच आजारातून उठलेला. सरांनी मनावर दगड ठेवून भाकरी दिली. गुंड सरांनी कंपासने काढलेल्या त्या गोलातला पांढरा कागद त्यांनी काढून टाकला आणि तिथे नुसती काच उरली. रत्नम्मांनी गॅलरीतून बघून घेतलं, नात दिसली, नात त्या क्षणी मैत्रिणीच्या कानाला लागलेली होती. रत्नम्मांचं समाधान झालं. त्या गोलातूनच सर रुमाल हलवतील आणि मग आरसे उचलायचे, असंही ठरलं.

साहेब यायच्या सकाळी गल्लीत अशी धांदल उडाली की, कुणाचं लग्न आहे का, असं दूधवाल्याने विचारलं. रत्नम्मांच्या जिन्यातून कपाटाच्या दाराचा आरसा वर गेला. कमलम्मा शेजारणीने ड्रेसिंग टेबलाचा आरसा स्क्रू काढून आणला. सलूनवाल्याने भिंतीवरचा उतरवून दिला आणि 'आज गिऱ्हाइकानं डोळे मिटून बसावं' असं सांगून दुकान पोऱ्याच्या हवाली केलं आणि तोही गच्चीवर आला. ज्यांच्याकडे मोठा आरसा नव्हता, त्यांनी पराती आणि लग्नात मिळालेली ताटं घासूनपुसून आणली. ईश्वरमामा खांद्यावर टॉवेल टाकून गच्चीवर पुढारीपणा करत होते. ऊन सरकेल तसा आरसा कसा फिरवायचा, हे त्यांनी सर्वांना शिकवलं आणि सर्वांनी ते आपापल्या मतानुसार बदललं.

साहेब साडेआठला आले, पण वर्गात आले नाहीत. आधी कार्यालयात चहा झाला, पोहे झाले. मग पोषण आहाराची खोली पाहिली, पाण्याची टाकी पाहिली. कलशेट्टी सर वर्गात येरझारा घालत होते आणि भाकरीच्या गोलातून समोर बघत होते. गच्चीवर एकेक बाई कंटाळून आरसा खाली ठेवत होती. कुणाचे हात भरून आले होते, कुणाचा कुकर घरी गॅसवर होता. साहेब अखेर दारात उभे राहिले, तेव्हा सरांना गोलातून दिसलं, की अर्धी गच्ची सावलीत बसून चहा पितेय.

"आणि हा चित्रकलेचा उपक्रम," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचाही खाली होता.

साहेबांनी खिडक्यांकडे पाहिलं. जवळ जाऊन वास घेतला. "हे काय, तेल लावलंय का कागदाला?"

"हो साहेब," सर म्हणाले.

"अच्छा," साहेब म्हणाले आणि वळायला लागले.

कलशेट्टी सर भाकरीच्या खिडकीपाशी गेले आणि रुमाल हलवायला लागले. हळूहळू हलवायचं ठरलं होतं, पण त्यांचा हात ऐकेना. गाडी सुटल्यावर लोक हलवतात तसा ते रुमाल हलवत होते. समोर रत्नम्मांचा कप तोंडाशी होता. त्यांनी गोलातून पाहिलं, कप खाली टाकला, आणि "अय्यो, एळ्री एळ्री! उटा गं सगळ्या!" ही हाक बंद खिडक्यांतूनही आत ऐकू आली.

मग उजेड आला. एकदम नाही आला. आधी ज्वारीच्या एका कणसावर आला, डळमळला, गेला, पुन्हा आला. मग मोराच्या मानेवर. मग कपाटाचा आरसा उचलला गेला असावा, कारण रोहित पक्ष्यांची सगळी खिडकी भडकून पेटली आणि गुलाबी थवा भिंतीवर, फळ्यावर, साहेबांच्या अंगावर उतरला. बायकांचे हात थरथरत होते, त्यामुळे पक्ष्यांचे पंख हलत होते. चर्चमधल्या त्या काचांत असं काही हललं नव्हतं. भाकरीच्या मोकळ्या गोलातून नुसतं पांढरं ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर तव्यावरून उतरवल्यासारखी एक लखलखीत भाकरी पडली, शेजारी लाल चटणी, हिरवी पात. आठवी ब ने ती पाहून टाळ्या वाजवल्या.

साहेब वळता वळता थांबले. त्यांनी आपल्या बाहीवरच्या पक्ष्याला हात लावून पाहिला. मग दानेश्वरीला विचारलं, "हे काय आहे, बाळ?" तिने ज्वारीपासून सुरू केलं आणि मोराची दोन पिसं निळा रंग कमी पडला म्हणून वाढवली, तेही सांगून टाकलं. मॅडम छताकडे बघत होत्या. साहेब हसले, पहिल्यांदाच.

"पण सकाळच्या वेळी पश्चिमेकडून ऊन कुठून आणलंत? बाहेर दिवे लावलेत का?"

कलशेट्टी सरांना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी मोराची खिडकी उघडली. साहेबांच्या डोळ्यांवर उजेडाचा असा लोट आला की, त्यांनी हात आडवा धरला. मग हळूहळू त्यांना दिसलं. समोरच्या गच्चीवर, सांडग्यांच्या प्लॅस्टिकभोवती, नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, गाऊनवर ओढणी घेतलेल्या पंधरा-वीस बाया, सलूनवाला, दोन पेन्शनर आणि टॉवेलवाले ईश्वरमामा, सगळे घामाने निथळत आरसे आणि पराती धरून उभे होते.

"साहेब, झालं का बघून?" रत्नम्मा ओरडल्या. "हात दुखायलेत आमचे! आणि तास बंद करणार म्हणं तुमी?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "कसला तास?"

"आठवीचे चित्रकलेचे तास गणिताला द्यायचा विचार चालला होता, साहेब," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कलशेट्टी सरांकडे पाहिलं, समोरच्या गच्चीकडे पाहिलं आणि आवाज चढवून, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता नाही. दोन्ही तास राहतील. संस्थेला मी सांगते."

"मीही लिहितो तसं," साहेब म्हणाले. "फार छान. पण मला सांगा, हे केलं कुणी?"

या प्रश्नाची कलशेट्टी सर डिसेंबरपासून वाट बघत होते. उत्तर पाठ होतं. नजर खाली ठेवायची, किंचित हसायचं आणि म्हणायचं, 'कौतुक मुलांचं, मी आपला निमित्तमात्र.' घरी त्यांनी धनलक्ष्मीबाईंपुढे तालीमही केली होती. सरांनी घसा खाकरला, नजर खाली नेली.

ते निमित्तमात्र होण्याआधीच आठवी ब चे सगळे हात वर गेले. दानेश्वरीने तर दोन्ही केले. दारात उभ्या गुंड सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खडू धरलेला हात खांद्याच्या वर नेला. प्रश्न उघड्या खिडकीतून गच्चीवरही पोचला होता. तिथे रत्नम्मांनी हात वर केला, मग कमलम्मांनी, मग ईश्वरमामांनी, सलूनवाल्याने, सगळ्यांनीच. हातांबरोबर आरसे वर गेले, पराती वर गेल्या, आणि खिडक्यांवरचं सगळं ऊन उचललं जाऊन आभाळाकडे गेलं. पक्षी विझले, मोर विझला, भाकरी भिंतीवरून पुसली गेली. आठवी ब मध्ये एकदम अंधारून आलं. खिडक्यांवर काळा, तेलकट कागद उरला आणि त्याच्यासमोर साहेब डोळे चोळत उभे होते.

कलशेट्टी सरांनी कुणालाच हात खाली घ्यायला सांगितलं नाही.